पावसाचा आवाज नको, घंटा चालेल: झोपेच्या अ‍ॅपविषयी एका भाकरीवालीचं मत

माझा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. सोलापुरात भवानी पेठेत घरगुती कडक भाकरीचा धंदा आहे. आदल्या दिवशीच्या भाकरी पॅक करायच्या, नव्या थापायला घ्यायच्या, आणि सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालेलं गिऱ्हाईक दारात यायच्या आत शेंगाचटणीच्या पुड्या बांधून ठेवायच्या. म्हणजे रात्री साडेनऊला मला झोप लागलीच पाहिजे. आणि साडेनऊला सोलापूर कुठलं झोपतंय? समोर टीव्ही, मागच्या बाजूला पॉवरलूम, लग्नसराईत बँजो. त्यात माझ्या पन्नाशीच्या वयाची उष्णता अंगातून वेगळी निघते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की भिंतीसुद्धा रात्री अकरापर्यंत तापलेल्या असतात.

पुण्याच्या लेकीनं माझ्या फोनमध्ये झोपेची, ध्यानाची जेवढी मिळाली तेवढी अ‍ॅप टाकून दिली. "आई, एकेक वापरून बघ, नको ते काढून टाक." तसंच केलं. आता गिऱ्हाईक बायकासुद्धा विचारतात, म्हणून लिहून ठेवतेय. माझी कसोटी साधी आहे. चष्मा काढलेला, दिवा बंद, बोटांना पिठाचा खरखरीतपणा: अशात जे दोन टिचक्यांत चालू होतं आणि नंतर मला हाका मारत नाही, ते चांगलं. चित्रं किती सुंदर आहेत याला माझ्याकडे शून्य गुण.

आधी आवाजांचं सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये हे फुकट मिळतं आणि सगळे पहिल्यांदा तेच लावतात. पाऊस, झरा, समुद्र, जंगल, शेकोटी. पावसाचा आवाज लावला आणि पाचव्या मिनिटाला मी उठून बसले: गच्चीवर वाळत घातलेलं काय राहिलंय का? डोक्याला माहीत आहे की हा फोन आहे, पण पायांना कोण सांगणार? झऱ्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, कधी रात्री, कधी पहाटे. पाण्याची धार कानावर पडली की सोलापूरची बाई झोपत नसते, घागर शोधते. शेकोटीचा कडकड आवाज मला चुलीवर काहीतरी लागल्यासारखा वाटला. समुद्र बरा, कारण आमचा त्याच्याशी काही व्यवहार नाही. पण सगळ्यात उत्तम निघाला तो नुसता घरघर करणारा आवाज, ब्राऊन नॉइज म्हणतात. पंखा आणि लांबचा कारखाना मिसळल्यासारखा, सखल, एकसुरी. त्यात बँजो पूर्ण बुडत नाही, पण त्याची धार जाते. अशा आवाजाचा उपयोगच तेवढा: अचानक येणारा भोंगा, कुत्र्याचं भुंकणं आणि आजूबाजूची शांतता यांतला फरक कमी होतो, म्हणून दचकायला होत नाही. आवाज हळू ठेवायचा आणि फोन डोक्यापासून लांब ठेवायचा.

मोठ्या नावांपैकी हेडस्पेस वापरलं. अँडी पुडिकोम्ब म्हणून एक इंग्रज गृहस्थ आहेत, आधी बौद्ध भिक्षू होते. 2010 साली त्यांनी एका भागीदाराबरोबर हा उद्योग सुरू केला. ध्यान शिकवायची त्यांची पद्धत मला आवडली. डोळे मिटा, श्वास मोजा, मन पळालं की ओरडू नका, परत आणा. यात आपल्याला नवं काही नाही, पण कुणी घाई न करता सांगितलं की करावंसं वाटतं. झोपेसाठी त्यांच्याकडे पाऊण तासाच्या आसपास चालणाऱ्या गोष्टी आहेत. गोष्टी कसल्या, वर्णनंच. एकीत रात्रीची लाँड्री आहे, यंत्रं फिरतायत, कपडे वाळतायत, बाहेर रस्ता रिकामा. पुढं काहीही होत नाही. रोज तीच गोष्ट लावली तरी तपशील थोडे इकडचे तिकडे झालेले असतात, म्हणजे "आता पुढचं वाक्य हे" असं मनाला म्हणता येत नाही. हुशारी आहे. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, तेही विसरलेलं. अर्धं कळतं, अर्धं नाही, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच झोप लवकर येते. लेकीला सगळं कळतं म्हणून तिला वेळ लागतो. पण बहुतेक माल पैसे भरल्यावर उघडतो. भाकरीच्या गल्ल्यातून मी त्यासाठी पैसे काढणार नाही, नोकरीवाल्यांनी जरूर विचार करावा.

पैसे नकोतच असं ज्यांचं म्हणणं, त्यांनी मेडिटो बघावं. ते एका ना-नफा संस्थेचं आहे, जाहिरात नाही, वर्गणी नाही. नवशिक्याला बरं. इंग्रजी मात्र लागतं.

माझ्या फोनमध्ये रोज उघडलं जातं ते इनसाइट टायमर. नावात टायमर आहे आणि मला त्यातलं तेवढंच आधी समजलं: किती मिनिटं बसायचं ते ठरवा, सुरुवातीला घंटा, मध्ये हवी तर घंटा, शेवटी घंटा. बस. कुणी बोलत नाही, कुणी शाबासकी देत नाही. दुपारी भाकरीचं काम आवरल्यावर मी दहा मिनिटं भिंतीला टेकून बसते. देवळातल्या घंटेपेक्षा हिचा नाद लांबत जातो, तो पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहायचं. एवढ्यानं खांदे खाली येतात. रात्रीच्या झोपेचं निम्मं काम दुपारीच होतं असं माझं मत झालंय. दिवसभर ताणलेलं अंग रात्री साडेनऊला "झोप" म्हटल्यावर कसं ऐकेल?

याच अ‍ॅपमध्ये फुकट ध्वनिमुद्रणांचा ढीग आहे. शिक्षक आपापलं टाकत असतात, त्यामुळे निवडून घ्यावं लागतं. भाजी घेतल्यासारखं चार ठिकाणी हात लावून बघायचं. त्यात हिंदीतली योगनिद्रा सापडली आणि तिथं माझं जमलं. आज जी योगनिद्रा सगळीकडे ऐकायला मिळते तिची मांडणी बरीचशी बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींची. शवासनात पडायचं, मनात एक छोटा संकल्प करायचा, मग आवाज शरीराच्या एकेका भागाचं नाव घेत जातो आणि आपण लक्ष फक्त तिथं न्यायचं. सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून. मग पहिलं बोट, दुसरं, तळवा, मनगट, कोपर.

आता उजव्या हाताचा अंगठा म्हणजे माझं पोट भरणारा अवयव. दिवसभर थापून थापून अंगठ्याच्या मुळाशी ठणका असतो. त्या अंगठ्याचं कुणी रात्री पहिलं नाव घेतं, हे ऐकून पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पुढं डावी बाजू येते, पाठ येते, मग जडपणा-हलकेपणा, गरम-थंड असं एकामागून एक अनुभवायला सांगतात. मे महिन्यात "थंडी वाजतेय" म्हटलं की मला हसू येतं, पण थोडा फरक पडतोसुद्धा. मजा म्हणजे त्यात वारंवार बजावतात की झोपू नका, जागं राहून ऐका. मी डाव्या गुडघ्याच्या पुढं फारशी गेलेली नाही. शास्त्राप्रमाणे हे चुकीचं असेल. माझ्या हिशेबात पैसा वसूल, तोही पैसा न देता.

मराठीत मात्र हाताला फार थोडं लागलं. जे लागलं त्यात निवेदिका एवढ्या गोड सुरात बोलते की साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. आमच्या शेजारच्या पद्मशाली अक्का तेलुगूतलं लावतात, त्यांना तिथं बरंच मिळालंय. मराठी माणसानं साध्या, घरच्या आवाजात वीस मिनिटांची योगनिद्रा टाकावी, मी सगळ्या गिऱ्हाईकांना सांगेन.

झोप मोजणाऱ्या अ‍ॅपवर मात्र माझा राग आहे. एक असंच वापरलं, नाव घेत नाही. सकाळी उठलं की शंभरपैकी गुण. मला वाटावं बरी झोप झाली, आणि फोन म्हणणार बासष्ट. मग दिवसभर मी बासष्टची बाई. फोन गादीवर किंवा उशाशी ठेवून हालचाल आणि आवाज यांवरून तो अंदाज बांधतो. गाढ झोप कोणती, स्वप्नांची कोणती, हे खरं कळायचं तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात, डोळ्यांची हालचाल बघावी लागते. आणि आमच्या गादीवर दोघं. कूस यांनी बदलली, गुण माझे गेले! उन्हाळ्यात गच्चीवर मच्छरदाणीत झोपतो तेव्हा तर वाऱ्याचेही गुण मलाच. या गुणांच्या नादानं झोप आणखी बिघडते, याला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2017 साली नावसुद्धा दिलंय, ऑर्थोसोम्निया. मी ते अ‍ॅप काढून टाकलं. झोपेची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करते, दुधाच्या खाड्याशेजारी: किती वाजता पडले, साधारण किती वाजता उठले. तेवढं पुरतं.

पण मोजणाऱ्यांतल्या एकाचे उपकार आहेत. स्नोअरलॅब. ते घोरणं रेकॉर्ड करतं, घोरण्याचा आलेख काढतं आणि सकाळी तुकडे ऐकवतं. मी ते आमच्या ह्यांच्यासाठी लावलं, खरं म्हणजे पुरावा म्हणून. "मी कुठं घोरूलालोय? तूच घोरतीस की," हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. सकाळी चहाबरोबर ऐकवलं. आधी हसले. मग एका तुकड्यात घोरणं एकदम बंद पडतं, बराच वेळ काहीच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. आम्ही दोघंही गप्प झालो. हे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, अक्कलकोट रोडनं मोटरसायकलवर ये-जा, आणि सिग्नलला डुलकी येते म्हणून तक्रार होतीच.

डॉक्टरांना तेच ऐकवलं. त्यांनी सांगितलं की अ‍ॅपवरून निदान होत नाही, पण तुम्ही आणलंत ते बरं केलंत. बोटाला, छातीला सेन्सर लावून रात्रीची तपासणी झाली. झोपेत घशातली श्वासाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, आणि हे रात्रभर चालतं. स्लीप अ‍ॅप्निया. आता नाकावर मास्क लावून दाबानं हवा देणारं यंत्र आहे. पहिले काही दिवस मास्क ओढून फेकत होते, आता सवय झाली. यंत्राचा आवाज माझ्या ब्राऊन नॉइजपेक्षा चांगला आहे. ज्यांच्या घरी जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग हे तिन्ही आहे, त्यांनी ध्यानाच्या अ‍ॅपवर वेळ घालवू नये, सरळ तपासून घ्यावं.

लेकीनं आणखी एक सांगितलं, त्याला अ‍ॅप लागतच नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी. पडून वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, दुसरीकडे बसायचं, पेंग आली की परत. घड्याळ बघायचं नाही, अंदाजानं. उठायची वेळ रोज एकच. निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलायची जी उपचारपद्धत आहे, सीबीटी-आय, तिच्यातला हा भाग. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेनं 2016 साली जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हीच पद्धत वापरा असं सांगितलं. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्यानं त्यासाठी सीबीटी-आय कोच नावाचं फुकट अ‍ॅपही काढलंय. मी नियम घेतला, अ‍ॅप सोडलं. उठून मी चटणीच्या पुड्यांना लेबलं लावते. एवढं कंटाळवाणं काम आहे की दहा पुड्यांत पेंग येते.

फोनमध्येच असलेल्या बेडटाइम मोडला मी कुठल्याही अ‍ॅपपेक्षा वरचा नंबर देईन. साडेनऊ वाजले की पडदा काळा-पांढरा होतो, घंटी बंद. फक्त लेक आणि सासूबाई यांचे फोन वाजतील असं लावून घ्या. काळा-पांढरा व्हॉट्सअ‍ॅप फार वेळ बघवत नाही. योगनिद्रा आधीच डाउनलोड करता आली तर करून ठेवा, म्हणजे रात्री नेट चालू ठेवायला नको. आणि काही फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली पाठीमागे चालणारं अ‍ॅप मध्येच बंद पाडतात. आवाज अचानक थांबला की जागच येते, तेव्हा सेटिंगमध्ये त्या एका अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या. तारेचे इअरफोन घालून झोपू नका, कानही दुखतो आणि तार गळ्याभोवती येते.

शेवटी पैशाचं. एका अ‍ॅपनं सात दिवस फुकट म्हणून यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू करून घेतलं होतं. भाकरीचे पैसे फोनवर येतात म्हणून मी प्रत्येक मेसेज वाचते, त्यामुळे "उद्या वर्षाची रक्कम कापली जाईल" हा मेसेज दिसला. असा मेसेज चोवीस तास आधी यावा लागतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्यानं कापणी थांबत नाही, हे लक्षात ठेवा. ज्या अ‍ॅपवरून तुम्ही भाजीवाल्याला पैसे पाठवता तिथं ऑटोपे म्हणून यादी असते, तिथं जाऊन ते रद्द करावं लागतं आणि पिन टाकावा लागतो. ती यादी उघडली तर मला ह्यांचंही एक सापडलं, क्रिकेटचं.