गोशेची शंका: आधी एंझाइम, की थेट जीन?

आमच्या निपाणीच्या घरात एकदा एका रिपोर्टमुळे बेळगावचा गोड कुंदा वाटला गेला. भावाची मुलगी चार वर्षांची. पोट डाव्या बाजूनं फुगलेलं, पाणथरी (प्लीहा) बेंबीपर्यंत उतरलेली, अंगात रक्त नाही. एक्झोम म्हणजे हजारो जीन एकदम वाचणारी चाचणी, तिच्या रिपोर्टात लिहिलं होतं, दोष आढळला नाही. "आक्का, काही नाही म्हणे!" म्हणत भाऊ बेळगावहून येताना डबाच घेऊन आला. दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एंझाइमची तपासणी करायला लावली आणि निघाला तो गोशे नावाचा आनुवंशिक आजारच. तेव्हापासून चिकोडी, हुक्केरी, खानापूरकडची माणसं मला विचारतात, कुठली चाचणी आधी करायची? मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण या फाइली मी तीन वर्षं वाहिल्या आहेत.

गोशेमध्ये ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचं एंझाइम कमी पडतं. त्यामुळे एक स्निग्ध पदार्थ पाणथरीत, यकृतात आणि हाडांच्या मगजात साचत जातो. एंझाइमची चाचणी ही कमतरताच मोजते. जीनची चाचणी ती का झाली ते सांगते. 'मुलाला गोशे आहे का?' एवढाच आज प्रश्न असेल तर माझं मत साफ आहे: आधी एंझाइम. काही हजारांत होते, आठ-पंधरा दिवसांत उत्तर येतं. ब्लड कॅन्सरच्या शंकेनं पोराची बोन मॅरो तपासणी करायच्या आधी ही होऊ शकते का, एवढं डॉक्टरांना विचारून बघा.

एंझाइमच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत जाड टिपकागदाच्या कार्डावर छापलेल्या गोलांत रक्ताचे थेंब घेतात. कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं, ऊन नाही, पंख्याचा झोत नाही. आमचं कार्ड नर्सबाईंनी दोन रिकाम्या खोक्यांवर पुलासारखं ठेवलं होतं, खालूनही वारा लागावा म्हणून. पाठवायला हे सोपं, पण उकाड्यात आणि दमट हवेत एंझाइम मरतं आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून कार्डावर कमी आलं की नळीतल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर खात्री करतात. ती नळी एक-दोन दिवसांत लॅबमध्ये पोचावी लागते, तेव्हा शनिवारी रक्त देऊ नका. आमची एक नळी रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून वाया गेली. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर दात्याच्या पेशी मोजल्या जातात.

मग जीन कशाला? एक तर आजाराचा प्रकार कळायला. गोशेचा जीन जीबीए१. भारतात त्यातला एल४४४पी हा बदल सगळ्यांत जास्त दिसतो, आणि तो आई-बाप दोघांकडून आला असेल तर मेंदूवर परिणाम होण्याची भीती असते. उपचार म्हणून दर पंधरा दिवसांनी शिरेतून देतात ते एंझाइम पाणथरी उतरवतं, रक्त वाढवतं, पण मेंदूत पोचत नाही. दुसरं कारण पुढच्या बाळंतपणाचं. आणि तिसरं नातेवाइकांचं, कारण वाहक (म्हणजे जीनमधला दोष अंगात आहे, पण आजार नाही असा माणूस) कोण हे एंझाइमच्या आकड्यावरून खात्रीनं सांगता येत नाही.

आता एक्झोम. हजारो जीन एकदम वाचतात, त्यामुळे लोकांना वाटतं यात सगळं आलं. पण जीबीए१ च्या शेजारीच त्याच्यासारखाच एक निकामी जीन आहे. एक्झोममध्ये डीएनएचे बारीक तुकडे करून वाचतात, आणि त्यातले तुकडे कुठल्या जीनचे, यात घोळ होऊ शकतो. एल४४४पी तर त्या निकामी जीनमध्ये मुळातच असतो! आमचा कुंदा इथेच फसला. म्हणून एंझाइम कमी आलं असेल तर लॅबला स्पष्ट विचारा: फक्त जीबीए१ वेगळा काढून वाचता का? हो म्हणाले तर एक्झोमपेक्षा तेच करा. एक्झोमचे दिवस वेगळे असतात. मूल सुस्त पडतं, झटके येतात, वाढ खुंटते आणि कोणालाच आजाराचं नाव सुचत नाही, तेव्हा तो खरा उपयोगी.

आमची वैनी माझ्या मामाचीच मुलगी, म्हणजे भाऊ-वैनी मामे-आतेभावंडं. दोघंही वाहक. प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, आणि एक झालं म्हणून पुढची तीन सुटली असा हिशेब लागत नाही. (हे मी वर्गात शिकवते, तरी आईला पटवायला आठवडा गेला.) गर्भाची तपासणी वारेचा नमुना घेऊन ११ ते १३ आठवड्यांत होते, तेव्हा घरातल्या जीनचा बदल आधीच कागदावर असायला हवा. ती नोंदणीकृत केंद्रातच होते, आणि मुलगा-मुलगी सांगत नाहीत, सांगणं गुन्हा आहे.

मग जायचं कुठं, बंगळूर की मुंबई? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात दोन्हीकडे केंद्रं आहेत: बंगळूरला सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था, मुंबईला केईएम. बेळगावहून अंतर जवळजवळ सारखंच, पाचशे किलोमीटरच्या आसपास. या केंद्रांमार्फत उपचाराला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. घरात कन्नड बोलणारं कोणी असेल तर बंगळूर. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथं. कर्नाटकातले कागदही तिथं लगेच समजतात. वैनीला मात्र मराठीतच मोकळं बोलता येतं. तशी बाई असेल तर मुंबई, कारण समुपदेशनात अर्धं दुभाष्यात हरवतं.

वाहक-चाचणी मीही केली. वाहक निघाले. वाहकाला गोशे होत नाही, पण म्हातारपणी पार्किन्सनचा धोका थोडा वाढतो, बहुतेकांना तो होत नाही. हे मला रिपोर्ट हातात आल्यावर कळलं. रक्त घेण्याआधी सांगायला हवं होतं. तुम्ही आधी विचारा, आणि नको असेल तर नाही म्हणा.

धाकट्या भावाचंही त्याच मामाच्या धाकट्या मुलीशी ठरतंय. दोघांनी वाहक-चाचणीला रक्त देऊन यावं म्हणून दिवाळीपासून मागं लागलेय. "बघूया की आक्का," म्हणतो. हॉलची तारीख मात्र धरून आलाय.