नंबर आमचा, इंजिन दुसऱ्याचं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, येझदी मोटरसायकलचं इंजिन सध्या कुणाच्या गाडीत फिरतंय, मला माहीत नाही. आमच्या चासीत जे बसवलंय त्यावर नंबर मात्र आमचाच आहे. आरसी बुकात लिहिलाय तसाच, शेवटच्या आकड्यापर्यंत. म्हणूनच कळायला इतका उशीर झाला.

गाडी 1983 सालची. साधी येझदी 250, दोन सायलेन्सरवाली, टाकीच्या दोन्ही बगलांना क्रोम. अण्णा साखर कारखान्यात केमिस्ट होते. कऱ्हाडहून कारखान्यावर जायला यायला त्यांनी ती सव्वीस वर्षं चालवली. किक आणि गिअर एकाच दांड्याला, त्यामुळे आमच्याकडची गाडी दुसऱ्या कुणाला चालवताच यायची नाही आणि अण्णांना त्याचं फार कौतुक. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला तरी त्यांनी गाडी सोडली नाही. पासिंग संपल्यावर मात्र ती परसात ताडपत्रीखाली गेली, ती गेलीच.

2018 ला येझदीची थोरली बहीण जावा आणि 2022 ला येझदी नव्या कंपनीकडून पुन्हा बाजारात आल्या आणि जुन्या गाड्यांना एकदम भाव चढला. परसातलं भंगार उचलायला कालपर्यंत कुणी तयार नव्हतं, आता दारावर माणसं येऊन विचारायला लागली. अण्णा पंच्याहत्तरीचे होणार होते. म्हटलं, गाडी चालू करून त्यांच्या हातात द्यावी.

मी पुण्यात नोकरीला. इथल्याच एका रिस्टोअरवाल्याचे व्हिडिओ मी महिनोन्महिने बघत होतो. गंजलेली गाडी येते, मग तिची चकाकणारी टाकी, पेटलेला हेडलाइट, आणि शेवटी डोळे पुसणारे म्हातारे मालक. मला आमचे अण्णा तिथे दिसायला लागले होते. सगळ्यात मोठी चूक हीच. त्या शंभरभर व्हिडिओंमध्ये उघडलेलं इंजिन एकदाही दिसलं नव्हतं, आणि ते मला खटकलं नाही.

महामार्गालगत पत्र्याचं शेड. माणूस गोड. पहिल्या भेटीत चहा, दुसऱ्या भेटीत मिसळ. "सर, गाडी नाही ही, तुमच्या वडलांची आठवण आहे. मी तिला घरच्यासारखी बघणार." सगळं धरून सत्तर हजार ठरले. पंचवीस आगाऊ, वीस गाडी खोलल्यावर, पंचवीस गाडी नेताना. 2024 च्या दिवाळीनंतर गाडी टेम्पोत घालून त्याच्याकडे पोचवली. गुढीपाडव्याला तयार म्हणाला.

त्या दिवशी मी जी पावती घेतली तिच्यावर फक्त "येझदी बाइक 1 नग, अॅडव्हान्स 25,000" एवढंच लिहिलेलं होतं. इंजिन नंबर नाही, चासी नंबर नाही, कोणते पार्ट गाडीबरोबर आले त्याची यादी नाही. कुणी गाडी देणार असेल तर एवढं तरी करा: दोन्ही नंबर कागदावर घालून त्याची सही घ्या, आणि नंबरांचे जवळून फोटो काढा, आकड्यांचं वळण दिसेल असे. आकडा काय आहे ते आरसीवर असतंच. तो कसा कोरलाय ते फक्त फोटोत राहतं.

पुढचे महिने ठरल्यासारखेच गेले. पाडवा गेला, अक्षय तृतीया गेली. मधूनमधून फोन. क्रोमवाला वाढवून मागतोय, अठरा हजार. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, गेलाय, नवीन कनेक्टिंग रॉड टाकून प्रेस करावा लागेल, शिवाय सिलेंडर घासून पहिला बोअर, बारा हजार पाचशे. मी विचारलं, जुना पिस्टन आणि रॉड बघायला मिळेल का? "सर, ते लेथवाल्याकडेच राहिलं, तो भंगारात टाकतो." बरं म्हणालो. तेव्हा जर शेडवर जाऊन बसलो असतो आणि जुने पार्ट हातात आल्याशिवाय हलणार नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ऑफिस होतं, आणि खरं सांगायचं तर मला संशय घ्यायची लाज वाटत होती. मिसळ खाल्ली होती ना त्याची.

मग आली पासिंगची भानगड. याच्यावर जरा थांबतो, कारण यात फसलेले मला नंतर आणखी दोघे भेटले. तो म्हणाला, "सर, एवढी जुनी गाडी साध्या पासिंगला जात नाही. व्हिंटेजमध्ये करावी लागते. सरकारी फी वीस हजार, एजंटचे दोन." इंटरनेटवर बघितलं तर खरंच वीस हजारांचा आकडा दिसला. मी पैसे पाठवून मोकळा झालो. खालची ओळ वाचलीच नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे जे नियम आणले ते पहिल्या विक्रीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी आहेत. वीस हजार ही त्यातल्या नव्या नोंदणीची फी. आमच्या गाडीला पन्नास पुरी व्हायला 2033 उजाडेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. अण्णांना भाजी आणायला जायचं होतं. आमच्या गाडीला लागणारा कागद म्हणजे साधा फॉर्म 25, नोंदणीचं नूतनीकरण. गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, दंड आणि पर्यावरण कर भरायचा, संपलं. ते बावीस हजार कुठल्याही सरकारी खात्यात गेले नाहीत.

ऑगस्टमध्ये गाडी मिळाली. एक लाख बावीस हजार पाचशे रुपयांची झाली होती. दिसायला काय सांगू! मरून रंगात स्वतःचं तोंड दिसत होतं. तिसऱ्या किकला सुरू झाली, शेडमध्ये पांढरा धूर भरला. तो हसून म्हणाला, "नवीन बोअर आहे सर, तेल जास्त टाकलंय, दोनशे किलोमीटरनंतर जाईल." त्यानेच माझा व्हिडिओ काढला. माझेही डोळे पाणावले होते, तेही त्यात आहे.

गाडीचे कागद अजून व्हायचे होते, म्हणजे रस्त्यावर आणायलाच नको होती. तरी रविवारी पहाटे मी कऱ्हाडला निघालो. हा दोष माझाच. पेट्रोलमध्ये लिटरला पन्नास मिली तेल मोजून टाकलं, पन्नासच्या वर स्पीड नेला नाही. खंबाटकीच्या चढाला आवाज बदलला. कोरडा, पत्र्यासारखा. क्लच दाबायच्या आधीच मागचं चाक धरलं गेलं आणि गाडी काळी रेघ ओढत थांबली. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहितोय.

टेम्पो करून साताऱ्याला नेली. तिथे एक जुने मिस्त्री आहेत, सत्तरीचे, आयुष्यभर जावा-येझदीच केली. गाडी बघून ते म्हणाले, "रंग झकास." दुसरं काही बोलले नाहीत. हेड उतरवलं आणि पिस्टनचा माथा फडक्याने पुसून मला दाखवला. काजळीखाली बारीक अक्षरात 1.00 कोरलेलं.

माझ्यासारख्यांसाठी सांगतो. सिलेंडर झिजला की तो घासून मोठा करतात आणि मोठा पिस्टन टाकतात. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. पहिला बोअर म्हणजे पाव. बिलात पहिला बोअर आणि आत एक मिलिमीटरचा पिस्टन. मिस्त्रींनी विचारलं, "आधी किती वेळा बोअर झाली होती ही?"

मी अण्णांना फोन लावला. अण्णांकडे वह्या आहेत, 1983 पासून प्रत्येक लिटर पेट्रोलचा हिशेब. पाच मिनिटांनी त्यांचा उलटा फोन आला. "94 साली रिंगा बदलल्यात. बोअर कधीच नाही. का रे?" मग थोडं थांबून, "आणि त्या जोडाला बघ म्हणावं. साखळी तुटून इंजिनचं केसिंग फुटलं होतं, ते मी कोल्हापूरला उद्यमनगरात जोडून आणलं होतं. तिथनं तेल येतंय का बघ म्हणावं."

मिस्त्रींनी पुढच्या स्प्रॉकेटजवळचं, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाजवळचं, केसिंग रॉकेलने धुतलं. बोट फिरवलं. मग टॉर्च माझ्या हातात दिला. तिथे जोड नव्हता. कधी नव्हताच. कोरं, अखंड केसिंग.

मग त्यांनी नंबर बघितला. रंगाच्या थराखाली ती जागा कानशीने घासून खोलगट झालेली होती आणि आकडे एका रेषेत नव्हते, एक सात तर सरळ पायरीवरून घसरल्यासारखा. "हा कंपनीचा पंच नाही. हाताने मारलाय." तसंच टॉर्च धरून त्यांनी बाकीचं दाखवलं. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढला तर टकटक वाजला. नवीन रॉडला बाजूला थोडी हालचाल असते, वर-खाली अजिबात नसते. म्हणजे क्रँकला हातच लागला नव्हता. क्रँकचे ऑइल सील कडक होऊन चिरलेले, दोन्ही बाजूंचे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकखान्यातूनच पेट्रोल-हवा वर जाते. डायनामोच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आणि पेट्रोलबरोबरच तेल येत असल्यामुळे तेलही कमी पडतं. गिअरच्या बाजूचं गेलं की गिअरबॉक्सचं तेल ओढलं जाऊन जळतं. माझा तो "नवीन बोअरचा" पांढरा धूर हाच. कार्बोरेटर नकली, जेट कसलंतरी. टाकीच्या आत गंज तसाच, वर क्रोम.

थोडक्यात, अण्णांचं स्टँडर्ड बोअरचं, एका माणसाने वापरलेलं इंजिन कुणा घाईच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत गेलं आणि शेवटच्या बोअरला आलेलं, कुठल्या तरी भंगारातलं इंजिन आमच्या नंबरसकट आम्हाला मिळालं. चोरीच्या गाडीचं नसेल कशावरून? हेच घेऊन मी आरटीओत गेलो असतो. तिथे इन्स्पेक्टर नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. घासलेली जागा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. खाडाखोड केलेल्या नंबराची गाडी घेऊन उभा असलेला माणूस मी असतो, तो नाही.

शेडवर गेलो तर त्याचा सूर पार बदललेला. "गाडी आली तेव्हा हेच इंजिन होतं. पावती दाखवा." पावतीवर काय होतं ते वर लिहिलंच आहे. माझ्याकडे फक्त एक फोटो निघाला, ताडपत्री काढली त्या दिवशीचा, पुतण्याने गंमत म्हणून घेतलेला. त्यात केसिंगवरचा जोड स्वच्छ दिसतो, ओल्या गोगलगायीच्या रेघेसारखा.

तो फोटो, अण्णांच्या वहीची पानं, मिस्त्रींचं लेखी आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून पोलिसांत अर्ज दिला. वकिलाने भारतीय न्याय संहितेची 318 आणि 316 ही कलमं लिहायला लावली, फसवणूक आणि विश्वासघात. नंबर खोडल्याचा उल्लेख मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात केला, म्हणजे उद्या ते माझ्या गळ्यात येणार नाही. ग्राहक आयोगातही ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. पुढे काय होईल ते होईल. गाडी खोलल्यावर रोख दिलेले वीस हजार मात्र कुठेच दाखवता येत नाहीत.

त्याचे व्हिडिओ अजून येतात. मी बघतो. मे महिन्यातला एक आहे, काळ्या रंगाची येझदी, मालक परजिल्ह्यातले कुणी गुरुजी. कॅमेरा गाडीभोवती फिरतो आणि साखळीच्या बाजूला क्षणभर अडखळतो. तिथे थांबवून मोठं करून बघितलं. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे दोन बोटं लांबीची वाकडी रेघ आहे, असं मला वाटतं. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं, हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत, पण आवाज मोठा कर म्हणाले.

त्या गुरुजींनाही कुणाचा तरी नंबर मारून दिला असणार. त्यांनीही लाखभर मोजले असतील. त्यांच्या दारात जाऊन हे सांगायचं धाडस मला अजून होत नाही, आणि पत्ताही नाही. त्या शेडमधून 2025 च्या उन्हाळ्यात कुणी काळी येझदी 250 नेली असेल तर एवढंच करा: साखळीवरचं कव्हर काढा, पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचं केसिंग रॉकेलने धुवा आणि बोट फिरवून बघा.