‘काका, आता तुम्हीच आत जाल’

सासरे कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते. बरोबरच्यांनी येताना कॅमेरे, रेडिओ आणले. यांनी डायना कंपनीची एअरगन आणली. नळी मोडून छर्रा भरायचा, साडेचार मिलिमीटरची. कस्टमची पावती त्यांनी एलआयसीच्या पॉलिसीसारखी जपली आणि शेवटी बंदूक, पावती, छऱ्यांची पत्र्याची डबी असा सगळा संसार माझ्याकडे आला. सहकारनगरातल्या आमच्या गच्चीवर दहा मीटर सरळ जागा मिळते. टोकाला वाळू भरलेली लाकडी पेटी, तिच्यावर कागदी टार्गेट. रविवारी सकाळी पन्नास छर्रे, मग पोहे. शेजाऱ्यांकडून आजवर एकच तक्रार आली आणि तीही आवाजाची नव्हती. एवढी बंदूक आहे तर कबुतरं का हाकलत नाही, अशी होती.

दोन वर्षांपूर्वी नेम पसरायला लागला. पूर्वी पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे, ते आमटीच्या वाटीएवढे पांगले. घरात करण्यासारखं होतं ते मी केलं. नळी तेलाच्या फडक्याने ओढून साफ केली. कानात घालायची कापसाची काडी नळीच्या तोंडावर गोल फिरवली. कडेला बारीक खरवड असेल तर कापसाचा धागा अडकतो. एका जागी अडकला. नळीच्या बुडाशी असतं ते रबराचं वायसर बदललं. तरीही वाटी ती वाटीच.

आता लाज वाटण्याचा भाग. मी एकतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली. मायक्रॉनवर लोकांशी भांडलेला माणूस. नळीच्या तोंडाची ती कड लेथवर घ्यायला पंधरा मिनिटं पुरतात. पण निवृत्तीनंतर लेथ कुठून आणायचा? जुन्या बाजारातल्या माझ्या नेहमीच्या हत्यारवाल्याने एक नंबर दिला. ‘एअरगनचा स्पेशालिस्ट आहे, भोसरीत वर्कशॉप आहे’ म्हणाला. ते वर्कशॉप मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. पहिली चूक तिथेच. तो स्वतःच घरी आला, बूट बाहेर काढून, हिच्या हातचा चहा पिऊन.

माणूस गोड. बालेवाडीच्या पोरांच्या रायफली मीच करतो म्हणाला. (बालेवाडीत ज्यांनी रेंज पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, तिथल्या दहा मीटरच्या मॅच रायफली आणि आमची मोडनळी यांचा संबंध सायकल आणि रिक्षाएवढाच.) मला फक्त तोंडाची कड नीट करून हवी होती. तो म्हणाला, काका, नुसती कड कशाला, आतून होनिंग करू, म्हणजे घासून गुळगुळीत, नळी दोन इंच लांब बसवू, पॉवर डबल, आणि सगळं लिगल. टेस्ट सर्टिफिकेटसकट. साडेसहा हजार, त्यातले चार आगाऊ.

स्प्रिंगच्या बंदुकीत हवेची एकच फुंकर असते आणि छऱ्याला मिळणारा रेटा पहिल्या वीतभरातच संपत येतो. पुढे नळी जितकी लांब तितकं नुसतं घर्षण. हे मला कळत होतं. पण त्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा नंबर दिला, साताऱ्याचे एक निवृत्त गृहस्थ. मी फोन केला. ते म्हणाले, ‘हो. काम करतो. चांगलं करतो.’ बाकी काही नाही. मला वाटलं, मितभाषी असतील. फोन-पेवर चार हजार पाठवले.

तीन आठवड्यांनी बंदूक आली. काळी कुळकुळीत, नव्या नवरीसारखी. गच्चीवर त्याने स्वतः तीन छर्रे मारून दाखवले. फाट्‌कन आवाज, तोंडातून धुराची रेघ, आणि तेलाचा रिकामा डबा आरपार. मी उरलेले अडीच हजार तिथेच दिले. त्या धुराचं काय ते नंतर कळलं. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलेलं असलं की दट्ट्याच्या दाबाने हवा तापून ते पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. दोन-चार छर्रे तोफेसारखे सुटतात, स्प्रिंग आणि सील मात्र मार खातात. डेमोला धूर निघाला तर टाळ्या वाजवू नका, पैसे खिशात ठेवा.

दहा-पंधरा छऱ्यांनंतर आवाज गेला आणि छर्रे वाळूच्या पेटीला नमस्कार करून खाली पडायला लागले. एका मित्राकडे वेग मोजायचं यंत्र आहे. त्याच्यावर मारून पाहिलं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १२० मीटर. म्हणजे ताकद साडेतीन ज्यूलच्या आसपास. ऑलिम्पिकच्या दहा मीटर रायफलीही याच्या दुप्पट काढतात, आणि त्या काही ताकदीसाठी बनवलेल्या नसतात. मित्राने छर्रा नळीच्या बुडाशी ठेवला. बोटाने दाबायचीही गरज पडली नाही, आत घरंगळला आणि तोंडातून टेबलावर आला.

मग मी केलं ते आधी करायला हवं होतं. जुन्या सहकाऱ्याकडून प्लग गेजचा, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या दांड्यांचा, सेट आणला. साडेचारचा गेला. चार पॉइंट सहाचा गेला. चार पॉइंट सातचाही आत गेला. आटे (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) म्हणावेत तर पहिल्या दोन इंचांत ओरखडे, पुढे सपाट पाइप. मूळ नळीवर बुडाशी जर्मन शिक्का आणि मापाचा आकडा होता, याच्यावर काहीच नाही. माझी नळी त्याने ठेवून घेतली होती आणि मला पाण्याच्या नळाची थोरली बहीण बसवून दिली होती.

पैसे बुडण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअरगनला परवाना लागत नाही तो दोन्ही अटी पाळल्या तरच: ताकद २० ज्यूलपर्यंत, आणि नळीचं आतलं माप साडेचार मिलिमीटरपर्यंत. एक जरी मोडली तरी परवान्याची गोष्ट येते. म्हणजे माझ्या बंदुकीत आता पाखराला घाबरवण्याचाही जोर नव्हता, पण कागदावर ती मोठी झाली होती. पॉवर निम्मी, गुन्हा डबल.

आणि ते सर्टिफिकेट. गोल शिक्का, निळी सही, इंग्रजीत टाइप केलेलं. त्यात लिहिलं होतं: छर्रा अर्धा ग्रॅम, वेग ३००, ताकद १२ ज्यूल. शाळेतलं सूत्र आहे, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. अर्धा ग्रॅम आणि ३०० मीटर म्हणजे साडेबावीस ज्यूल होतात. बारा यायला वेग २२० च्या आत हवा. त्या कागदावरचे आकडे एकमेकांनाच खोटं पाडत होते आणि मी तो लॅमिनेट करून घेतला होता.

मी फोन केला. आवाज तोच गोड. ‘काका, तुम्ही पोलिसात जाल तर बंदूक कोणाच्या घरात सापडेल? बोअर कोणाच्या गनचा मोठा आहे? आता तुम्हीच आत जाल.’ मग जरा थांबून, ‘तुमची नळी आहे माझ्याकडे, सांभाळून ठेवलीय. आठ हजार द्या, नाहीतर एक करा, तुमचा नंबर मी दोन-तीन लोकांना देतो. त्यांना सांगा काम चांगलं झालं. नळी घरपोच.’

सगळा धंदा त्यावर उभा आहे. माल खराब देण्यात त्याची हुशारी नाही. गिऱ्हाइकाला ओशाळं करून ठेवण्यात आहे. मी चार रात्री झोपलो नाही. हिने विचारलं तर ‘अॅसिडिटी’ म्हणालो.

पाचव्या दिवशी भाचा आला, तो वकील आहे. त्याला सांगितल्यावर आधी हसला, मग गंभीर झाला. ‘मामा, लपवाल तेवढं वाईट दिसेल. नळी आजच काढून वेगळी करा, एकही छर्रा मारू नका, फोटो काढा, गेजची मापं तारखेनिशी लिहून ठेवा.’ आणि एक विचारलं, ‘त्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना होता का?’ शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांची दुरुस्ती, फेरफार, चाचणी असला व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. चहा देताना मी त्याला साखर किती हे विचारलं होतं, परवाना नाही.

आम्ही दोघे चौकीवर गेलो. कस्टमची पावती, फोन-पेचे दोन्ही व्यवहार, ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणि फडक्यात गुंडाळलेली नळी. दीड तास बसलो. अंमलदारांनी अर्ज घेतला, नळी जमा करून पोच दिली, मला कोणी आत वगैरे टाकलं नाही. एवढंच म्हणाले, ‘आजोबा, वेळेत आलात.’ आजोबा हा शब्द जरा लागला, पण असो. पैसे आले नाहीत. त्याचा नंबर आठवड्याभरात बंद झाला. भाच्याच्या मते व्यवहार झाल्या दिवशीच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलं असतं तर खातं गोठण्याची थोडी शक्यता होती.

एका नेमबाज मुलीच्या प्रशिक्षकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काका, दस्त्याचे स्क्रू आवळून पाहिले होते का? स्प्रिंगच्या बंदुकीच्या धक्क्याने ढिले होतात. नेम पसरला की आम्ही पहिलं तेच बघतो.’ मी पाहिले नव्हते. आता नळीच नाही, तर ते स्क्रू होते की काय, हे मला कधीच कळणार नाही.

परवा सहज जुने फोन चाळताना साताऱ्याच्या त्या मितभाषी गृहस्थांचा नंबर दिसला. लावला. नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही, फक्त पंख्याचा आवाज. मग त्यांनी विचारलं, ‘तुमची नळी मिळाली का परत?’