बल्लारशाहचं सागवान म्हणून काय गळ्यात मारतात

लाकडात फसवणूक म्हणजे सागवान सांगून भलतंच लाकूड देणं, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मला सागवानच मिळालं, म्हणून तर तो गोदामवाला आजही शांतपणे म्हणतो, "साहेब, सागवानच आहे, कुठेही दाखवा."

नागपूरजवळ बेशाला घरामागच्या मोकळ्या जागेत दहा बाय बाराची लाकडी खोली बांधायची होती. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, भाव काढले. शहराबाहेरच्या एका गोदामात त्याहून स्वस्त, घनफुटाला 4200 रुपये सांगितले. व्हॉट्सॲपवर लिहून आलं, "बल्लारशाह डेपोचा जुना सुका माल, पक्का गाभा." दाखवलेला ओंडका तसाच होता, वर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहला सागवानाचा सरकारी डेपो आहे, विदर्भात ते नाव घेतलं की माणूस पुढचं विचारत नाही. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान तिथूनच गेलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

ठसा ओंडक्यावर असतो, चिरलेल्या नगावर नाही. इथेच सगळा खेळ आहे.

माल रात्री आला, ताडपत्रीखाली. पैसे मिळाल्याशिवाय ड्रायव्हर उतरवायला तयार नव्हता. सकाळी सुतारकाकांनी एका नगावर थिनरचा बोळा फिरवला, तर बोळा तपकिरी झाला आणि खालून पिवळट पांढरं लाकूड निघालं. टोकांना गेरू फासलेला, म्हणजे कापावरून गाभा किती ते कळायला नको. काका म्हणाले, "भाऊ, तुमाले गाभा नाई देल्ला, कडा देल्ल्या."

सागवानाला वाळवी लागत नाही हे खरं, पण फक्त गाभ्यापुरतं. गाभ्याबाहेरचा फिकट थर, म्हणजे रसकाष्ठ, वाळवी साध्या लाकडासारखाच खाते. कोवळ्या, लागवडीच्या झाडात हा थर जास्त आणि गाभा कमी. झाड सागाचंच, पण बागेत मातीजवळ उभ्या राहणाऱ्या खांबाला उपयोग शून्य.

मग टेप लावला. बिलात 4 बाय 3 इंच, दहा फूट. हातात साडेतीन बाय अडीच. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणून 144 ने भागा: पैसे घेतले 0.83 घनफुटाचे, दिलं 0.61. एका नगामागे साडेनऊशे रुपये. फोन केला तर म्हणे "आरीत जातं". करवतीचं पातं सूतभर खातं हो, अर्धा इंच नाही!

काकांनी एक नग किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, लोक बघायला लागले. वाळलेल्या सागवानाचं घनफूट साधारण 18-19 किलो भरतं. त्या हिशेबानं हा नग 11-12 किलोचा हवा होता, भरला 16. जुना सुका माल म्हणे. एवढ्या ओल्या लाकडाचं आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात काय होतं ते पुढे दिसलंच: फळ्यांमध्ये बोटभर फटी, दार चौकटीत बसेना. पावसाळ्यात खांबांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढल्या. दोन खांब काढावे लागले.

कापलेला माल परत घेत नाही, एवढंच उत्तर मिळत राहिलं. तुम्ही घेणार असाल तर गोदामात दाखवलेला ओंडका तुमच्यासमोर चिरायला लावा, आणि त्याचा वाहतूक परवानाही मागा, जंगलचा माल त्याशिवाय रस्त्यावर येत नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र सुताराकडे नसलं तर विकत घ्या, दोन-तीन हजारांत येतं. 12 टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला तर माल सुका. मात्र नग मधोमध कापून आतल्या बाजूला टोचा, बाहेरून सगळेच वाळलेले दिसतात. बिलात "सागवान लाकूड, एकरकमी" एवढंच लिहून देत असतील तर उठून चालू लागा, मग भाव कितीही गोड असो.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही आणि अर्ज करायची मुदत दोन वर्षांची असते. मापाबद्दलची वेगळी तक्रार वैधमापन खात्याकडे दिली. नोटिशीला गोदामवाल्याचं उत्तर आलंय, "सागवान देण्याचे ठरले होते, सागवान दिले." आमच्या वकीलबाईंनी त्याच्यासमोर त्याचाच "पक्का गाभा, सुका माल" हा मेसेज, काट्याचा फोटो आणि टेप लावलेले फोटो जोडलेत. पुढची तारीख जानेवारीत आहे.