लोडायची जुन्या वेलींची झिन्फँडेल: दमदार आहे, पण थंड करूनच प्या

आयात वाइन ठेवणाऱ्या दुकानात कॅलिफोर्नियातल्या लोडायची 'ओल्ड व्हाइन झिन्फँडेल' (झिन्फँडेल या काळ्या द्राक्षाची लाल वाइन) दिसली, तर किंमत विचारण्याआधी बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टनावर अंगठा फिरवा. बूच फुगून वर आलेलं असेल किंवा वेष्टनाखाली चिकट लागत असेल, तर ती बाटली तापलेली आहे. आतली वाइन प्रसरण पावून तिने बूच ढकललंय. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याची चव येते आणि ती काही केल्या सुधारत नाही. मे महिन्यात उन्हाच्या शोकेसमध्ये उभी असलेली बाटली तर फुकट दिली तरी नको. लेबलवर पावसाळ्यातली बुरशी दिसली तर मात्र बिचकू नका, दमट हवेने कागद खराब होतो, वाइन नाही.

'ओल्ड व्हाइन' म्हणजे वेल किती जुनी? अमेरिकेत याची कायदेशीर व्याख्याच नाही, त्यामुळे कुणीही छापावं. ऑस्ट्रेलियातल्या बरोसात 2009 पासून 35, 70, 100 आणि 125 वर्षं अशा पायऱ्या तरी आहेत. लोडायमध्ये काही मळे खरोखरच 19व्या शतकाच्या अखेरीला लावलेले आहेत. तिथल्या रेताड जमिनीत मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड फारशी फोफावत नाही, म्हणून ते वाचले. (1980च्या दशकात याच द्राक्षांच्या गुलाबी, गोडसर 'व्हाइट झिन्फँडेल'ची लाट आली नसती, तर यातल्या कित्येक वेली उपटल्या गेल्या असत्या. जाणकार त्या वाइनला नाकं मुरडतात, पण उपकार तिचेच.) लेबलवर मळ्याचं नाव किंवा लागवडीचं साल असेल, तरच 'ओल्ड'चे जादा पैसे मोजा.

म्हाताऱ्या वेलीला घड कमी लागतात आणि मणी बारीक राहतात. रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग व बरंचसं टॅनिन (तोंड तुरट करणारा घटक) सालीत असतं. वाइन दाट होते ती त्यामुळे. त्यात झिन्फँडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात हिरवट मणी आणि सुकून मनुका झालेले मणी शेजारी शेजारी. हिरवे पिकेपर्यंत थांबावं, तर बाकीच्यांची साखर चढते. साखरेचाच अल्कोहोल बनतो, म्हणून तो 14.5 ते 15.5 टक्के. म्हणजे जवळपास हुर्राकाचा (गोव्यातल्या काजूच्या हलक्या दारूचा) कस, आणि यात लिंबू-सोडा घालायची सोय नाही.

वास करवंदाचा, मागून काळी मिरी, आणि ओकच्या पिंपातला थोडा व्हॅनिला. आपल्याकडच्या गोड पोर्ट वाइनची सवय असेल, तर पहिला घोट गोडच वाटेल. तो बराचसा पिकलेल्या फळाचा भास असतो, साखर फार थोडी.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा. पणजीतल्या 30 अंशांच्या खोलीत हिचा अल्कोहोल नाकात झोंबतो आणि फळाचा स्वाद हरवतो. 16 ते 18 अंश हवेत. फ्रीजमध्ये सुमारे दीड तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका, बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरा, नाहीतर तळाशी पोहोचेपर्यंत पुन्हा कोमट.

जेवणात शागुतीशी हिचं फार छान जमतं. भाजलेलं खोबरं, मिरी, बडीशेप हे सगळं हिच्या फळाच्या दाट स्वादाला पेलतं. मटण नको असेल तर आळसांद्यांचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची खोबऱ्याची आमटी). विंदालूबरोबर टाळा. अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो आणि व्हिनेगरच्या आंबटपणापुढे वाइन बोथट लागते. बांगड्याबरोबर तर नकोच, माशाचं तेल आणि लाल वाइनमधलं लोह मिळून तोंडाला धातूची चव येते.

उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन दिवस चालते, दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त मऊ लागते. चौथ्या दिवशी ती मटण मुरवायला घ्या.