रॉडचा, ब्लोअर की तेलाचा: कोणता रूम हीटर घ्यावा?

हीटर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न बिलाचा येतो. त्यात तिघांत फारसा फरक नाही. २००० वॅटचा कुठलाही हीटर तासभर सलग चालला की दोन युनिट खाणार आणि ऊबही तेवढीच देणार. मग निवडायचं कशावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून: तो चालू असताना खोलीत कुणी जागं असणार आहे का?

लाल रॉडचा हीटर समोर बसलेल्याला लगेच शेकतो, खोलीतली हवा मात्र तितकीशी तापत नाही. रॉड शेकडो अंश तापलेला असतो. आमच्याकडे एकदा रात्री रजईचं टोक पलंगावरून घसरलं आणि जाळीपासून चार बोटांवर लोंबत राहिलं. सकाळी ती कड तपकिरी पडलेली, चिमटीत धरली तर भुगा होत होती. आम्ही सगळे झोपेत होतो. तेव्हापासून रॉडच्या हीटरपासून कापड, कागद, गादी किमान एक मीटर लांब, आणि डोळा लागायच्या आत तो बंद.

ब्लोअर लहान खोली झटपट गरम करतो. मागची जाळी धुळीने भरली किंवा पडदा तिला चिकटला की हवा अडते आणि आतून तो फार तापतो. घ्यायचाच तर सिरॅमिकचा घ्या. तापत जाईल तसा त्याचा रोध वाढतो, त्यामुळे तो आपोआप कमी वीज ओढतो.

तेलाचा जड, महाग आणि तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेणारा. तरी मुलांच्या किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीसाठी मी हाच सांगेन. लाल तार उघडी नसते, आणि आतलं तेल जळत नाही, फक्त ऊब धरून ठेवतं. झोपण्याआधी खोली तापवून तो बंद केला तरी बराच वेळ ऊब राहते. मात्र त्यावर ओले मोजे वाळत घालू नका.

कोणताही घ्या, प्लगकडे लक्ष हवंच. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. एक्स्टेन्शन बोर्डाच्या बारीक वायरीला ते झेपत नाही, म्हणून थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटलाच लावा. अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून पाहा. बोट ठेववत नसेल तर हीटर बंद करा आणि आधी सॉकेट बदलून घ्या.

रॉडचा किंवा ब्लोअर घेताना तो चालू करून तिथेच तिरपा करायला सांगा. लगेच बंद पडला नाही तर तो घेऊ नका.