स्तनातली गाठ लहान आहे: ऑपरेशन की झाडपाल्याचा काढा?

बायोप्सीत कर्करोग निघाला की पुण्यात कुणीतरी काढा सुचवतंच.

गुण कशाने? 2018 च्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगात नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांत मृत्यूचा धोका रूढ उपचार घेणाऱ्यांच्या पाच पटींहून जास्त दिसला. रूढ उपचारात गाठ काढून बहुधा तीन-चार आठवडे रेडिएशन. ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी) गाठ असेल तर बऱ्याचदा टॅमॉक्सिफेनची गोळी, 20 मिलिग्रॅम रोज, किमान पाच वर्षं. या गोळीने अंगातून वाफा निघतात, हे खरं.

काढ्याला त्रास नाही म्हणे! पण त्यात महिने गेले आणि गाठ वाढून रोग काखेतही पोचला, की सगळा स्तन काढायची वेळ येऊ शकते.

खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन सरकारी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातला मदतनीस) आधी भेटा.

थकव्याला योग, मळमळीला अ‍ॅक्युपंक्चर, दोन्ही उपचारांच्या जोडीने चालतील. आमटीतली हळद खुशाल खा. हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच. गाठीसाठी ऑपरेशनच.